त्रिशलाचा नियम

डॉक्टर अथणीकरांनी दोन फिल्म भिंतीवरच्या पांढऱ्या उजेडात शेजारीशेजारी लावल्या. माझा मुलगा सन्मती खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. माझी सून त्रिशला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी मागे उभा होतो.

"ही मागच्या वेळची, आणि ही कालची," डॉक्टर म्हणाले. "मला इथे फरक दिसायला हवा होता."

"दिसत नाही?" सन्मतीने विचारलं.

"थोडा आहे. पण एवढ्यावर मी सुरी लावणार नाही."

त्रिशलाच्या यकृताच्या उजव्या भागात गाठ होती. नारळाएवढी, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती काढायची तर अख्खी उजवी बाजू काढावी लागणार होती, आणि डावी बाजू इतकी लहान होती की नुसत्या तिच्या आधारावर माणूस जगला नसता. म्हणून डॉक्टरांनी आधी दोन कामं केली. पहिल्यांदा मांडीच्या मुळाशी सुई घालून, तिथल्या धमनीतून केसासारखी बारीक नळी गाठीपर्यंत नेली, तिथे औषध सोडलं आणि गाठीला रक्त पुरवणारी वाट बुजवून टाकली. "गाठीला उपाशी मारायचं," असे त्यांचे शब्द होते. त्यानंतर त्रिशलाला असा ताप चढला आणि असं दुखलं, की सन्मती मला म्हणाला, "अण्णा, आपण तिला मारायला आणलं का इथं?" मग काही दिवसांनी बरगडीखालून सुई घालून उजव्या बाजूला जाणारी मोठी शीर बंद केली. आतड्याकडून येणारं सगळं रक्त आता डाव्या बाजूला जाणार होतं. त्यावर ती बाजू पोसणार, वाढणार, आणि पुरेशी वाढली की मग शस्त्रक्रिया.

मी जन्मभर शाळामास्तर. समजल्याशिवाय मला चैन पडत नाही आणि समजलं की दुसऱ्याला समजावल्याशिवाय राहवत नाही. घरी पाटीवर आकृती काढून मी हे सगळं सन्मतीला समजावलं होतं. माझ्या आकृतीत डावी बाजू वाढत होती. भिंतीवरच्या फिल्ममध्ये ती होती तिथेच होती.

"अजून थांबलो तर?" मी विचारलं.

"तीन आठवडे थांबू. पण गुरुजी, गाठ गप्प बसत नाही. आपण एक वाट बुजवली, ती दुसरी शोधते. तीन आठवड्यांनी डावी बाजू वाढलेली दिसली तर लगेच ऑपरेशन. नाही दिसली, तर मग ऑपरेशनचा विषय सोडावा लागेल."

"आणि मग?"

त्यांनी त्रिशलाकडे पाहिलं. तिलाच विचारलं, "ताई, जेवण कसं आहे? शरीराला नवा भाग उभा करायचाय, तो हवेवर उभा राहत नाही. अंडी चालतात?"

"आम्ही जैन," सन्मती म्हणाला.

"मग डाळ, दूध, दही, पनीर. दिवसातून चार-पाच वेळा. खाताय ना?"

"होय," त्रिशला म्हणाली. मान खाली होती.

आम्ही गाडीने परत निघालो. सांगलीच्या पुढे आल्यावर सन्मती म्हणाला, "सगळं केलं की ओ आपण. आता वाढत नाही त्याला कोण काय करणार?" त्रिशला खिडकीतून उसाच्या फडांकडे बघत होती. तिची मनगटं इतकी बारीक झाली होती की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आजारात माणूस असाच वाळतो, असं मी धरून चाललो होतो.

माझी बायको गेल्यापासून स्वयंपाकघर त्रिशलाच्या ताब्यात होतं. दुखणं लागलं तरी तिने ते सोडलं नव्हतं. आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो. ती सगळ्यांना वाढायची, आणि आम्ही उठल्यावर आत एकटी बसायची. तिच्या ताटात काय असतं, ते आम्ही दोन पुरुषांनी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमच्या गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मी रविवारी दुपारी मुलांची पाठशाळा घेत असे. त्या दिवशी मन लागणार नव्हतं, तरी गेलो. पोरं समोर बसली की माझं निम्मं दुखणं जातं. माझी नात चेलना पुढच्याच ओळीत बसायची. तेव्हा ती तिसरीत होती.

बाहुबली नावाचा एक वळवळ्या मुलगा होता. त्याने स्तोत्र चालू असताना शेजारच्याला चिमटा काढला. मी त्याला दहा उठाबशा सांगितल्या.

"गुरुजी, सुदर्शन माझ्या वाटच्या काढतो म्हणतोय."

"चालत नाही."

"तो आपणहून म्हणतोय की."

"बाहुबली, तुला ताप आला तर तुझी आई तो स्वतःच्या अंगावर घेईल का?"

"घेईल की. आई म्हणते तसं."

"म्हणते. पण घेता येतो का?"

त्याने विचार केला. "न्हाई."

"का?"

सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "ज्याचं कर्म त्यालाच." हा त्यांचा पाठ होता. मीच शिकवलेला.

चेलना माझ्याकडे टक लावून बघत होती. उदाहरण दुसरं घ्यायला हवं होतं, असं मला वाटलं, आणि मी पटकन पुढे गेलो. त्या महिन्यात प्रत्येकाने एक छोटा नियम घ्यायचा होता. आवडती एखादी वस्तू काही दिवस सोडायची. मी एकेकाला विचारू लागलो. कुणी चॉकलेट सोडलं होतं, कुणी टीव्ही.

"बाहुबली?"

"कारलं सोडलं, गुरुजी."

"तुला कारलं आवडतं?"

"न्हाई."

पोरं हसली. मीही हसलो. "आणि चेलना?"

"दूध," ती म्हणाली. "दही पण. तूप पण. आईचं ऑपरेशन होईपर्यंत."

"बाळ, एवढं नको. एकच सोडायचं असतं."

"आईने सगळं सोडलंय. डाळ पण. आणि ती एकदाच जेवते. मला डाळ सोडायला जमलं नाही."

त्या दिवशी पाठशाळा मी लवकर सोडली.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. चेलनाला अंगणातच थांबवलं आणि मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. त्रिशला भाकरी थापत होती.

"त्रिशला, आज काय खाल्लंस?"

"खाल्लं की, मामा."

"काय?"

ती भाकरी थापत राहिली.

"चेलनाने दूध सोडलंय," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. "तिला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ती तुझ्याकडे बघत होती."

भाकरी परातीतच राहिली. त्रिशला भिंतीला टेकून खाली बसली. मी उंबऱ्यावर बसलो. सासऱ्यासमोर अशी ती कधी बसली नव्हती आणि मीही तिथे कधी बसलो नव्हतो.

"कधीपासून?"

"पहिली नळी घातली, त्याच्या आदल्या दिवशी. बस्तीत गेले होते."

"साध्वी माताजींकडून घेतलास नियम?"

"कुणाकडून नाही. मूर्तीसमोर मीच घेतला. दूध, दही, तूप, डाळ बंद, आणि एकवेळ जेवण. ऑपरेशन पार पडेपर्यंत."

"आणि डॉक्टरांना काल होय म्हणालीस."

"काय सांगू त्यांना?" तिचा आवाज चढला नाही. "मामा, सगळं तेच करतात. तेच नळी घालणार, तेच बुजवणार, तेच कापणार. मी नुसती पालथी-उताणी होते सांगतील तशी. माझ्या हातात काय होतं? आणि ते म्हणालेच होते की, गाठीला उपाशी मारायचं. म्हटलं, आपणही हातभार लावू."

मी समोरच्या परातीतल्या पिठात बोटाने आकृती काढली. ही उजवी बाजू, ही डावी. गाठ उपाशी आहे, पण ही शेजारची पोसायची आहे. तिला तू घालशील तेच मिळणार. ती वाढली नाही तर ऑपरेशन नाही. ऑपरेशन होईपर्यंत तुझा नियम, आणि नियम आहे तोवर ऑपरेशन होत नाही.

ती पिठाकडे बघत राहिली. तिला कळलं होतं. कळल्यावर तिचा चेहरा मला बघवला नाही.

"मग मोड," मागून सन्मती म्हणाला. तो केव्हा आला होता कुणास ठाऊक. त्याने शिंक्यावरचं पातेलं काढलं, पेल्यात दूध ओतलं. ओतताना अर्धं बाहेर सांडलं. "घे. पी हे आत्ता."

"अहो, ऐका..."

"काय ऐकू? काल त्या माणसाने विषय सोडावा लागेल म्हटलं. विषय म्हणजे तू. पी म्हणतो ना."

त्याने पेला तिच्या ओठांना लावला. तिने ओठ घट्ट मिटले. दूध हनुवटीवरून गळ्यावर आलं. मी त्याचा दंड धरला तेव्हा तो पेला खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"माताजींना फोन लावतो," तो तसाच म्हणाला. "त्यांच्या संघाबरोबर फोनवालं कोणीतरी असेल. त्यांनी सांगितलं तर मोडशील?"

"त्या सांगतीलच मोड म्हणून. प्रायश्चित्त देतील. तेही मी घेईन," त्रिशलाने पदराने गळा पुसला. "मला पापाची भीती नाही ओ. चेलनाला माहीत आहे. मी मोडला आणि तिथे टेबलावर मला काही झालं, तर ती जन्मभर काय म्हणेल? आईने नियम मोडला म्हणून आई गेली. आणि तिने स्वतः दूध प्यायलं, तर म्हणेल माझ्यामुळे गेली. हे तिच्या डोक्यातून कोण काढणार? तुम्ही काढणार?"

मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. मुलाच्या डोक्यात एकदा बसलेली गोष्ट कशी बसते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? समजावून ती निघत नाही. उजळणीने आणखी पक्की होते.

खिडकीतून येणारं ऊन मांडणीवरच्या डब्यांपर्यंत चढलं होतं. ते भिंतीवर गेलं की दिवस मावळायचा, आणि मग ती पाणीसुद्धा घेणार नव्हती. आणखी एक दिवस जाणार होता.

मी चेलनाला हाक मारली. ती आत आली आणि आईच्या ओल्या पदराकडे, सांडलेल्या दुधाकडे, बापाच्या पाठीकडे बघत उभी राहिली.

"चेलना, आईचा नियम फार मोठा आहे," मी म्हणालो. "दुखण्यातल्या माणसाने एवढा पाळायचा नसतो. पण मोडायचाही नाही. म्हणून तो मी घेतोय."

त्रिशलाने मान वर केली.

मी उठलो, हातपाय धुतले, पूर्वेकडे तोंड करून उभा राहिलो. णमोकार मंत्र म्हटला. मग मोठ्याने, वर्गात म्हणतो तसं, म्हणालो, "त्रिशलाने घेतलेला नियम आजपासून माझा. दूध, दही, तूप, डाळ बंद. एकवेळ जेवण. तिचं ऑपरेशन पार पडेपर्यंत. नियम जिथे थांबला तिथून पुढे चालू."

चेलना म्हणाली, "आजोबा, असं घेता येत नाही."

"का?"

"ज्याचं कर्म त्यालाच. तुम्हीच शिकवलंय. आज पण म्हणवून घेतलं."

सन्मती वळून माझ्याकडे बघू लागला. त्रिशलाही. त्या पोरीच्या डोळ्यांत शंका नव्हती, उद्धटपणा नव्हता. पाठ नीट केलेल्या मुलाचा सरळ प्रश्न होता तो. माझ्या जन्मभराच्या शिकवण्यात याहून चांगला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "तो तिसरीचा पाठ आहे. त्याच्या पुढे एक धडा आहे. त्यात घरातल्या माणसाला घेता येतो असं सांगितलंय. तो वरच्या इयत्तेला असतो."

"कितवीला?"

"तू मोठी झालीस की शिकवीन."

तिने बराच विचार केला. उन्हाची पट्टी वरच्या डब्यावर चढली.

"मग माझा पण घ्या," ती म्हणाली.

मी पुन्हा हात जोडले आणि तिचाही घेतला. तिने पेल्यात उरलेलं दूध दोन्ही हातांनी उचललं, एक घोट घेतला, आणि पेला आईपुढे धरला.

त्रिशला माझ्याकडे बघत होती. असा कुठलाही धडा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती लहानपणी याच बस्तीसारख्या बस्तीत, याच पाठावर वाढली होती. तिने पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. मग परातीत माझी आकृती होती त्या पिठात पाणी घालून तिने ते पुन्हा मळलं, भाकऱ्या केल्या, आणि आमच्याबरोबर जेवायला बसली. तिला डाळ वाढली चेलनाने. माझ्या ताटाकडे आमटीचा पळा आला तेव्हा तीच म्हणाली, "आजोबांना नको."

त्यानंतरचे तीन आठवडे त्रिशला खात होती. आवडीने नव्हे, औषध घ्यावं तसं. कधी ओकायची, तोंड धुऊन पुन्हा बसायची. सन्मती सकाळी पनीर आणायचा, दुपारी मूग शिजवायचा. मी दिवसातून एकदा भाकरी, पालेभाजी आणि शेंगदाण्याची चटणी खायचो. माझी पहारेकरीण समोर बसलेली असायची. "आजोबा, त्या भाजीत डाळ टाकलीय." "आजोबा, ती भाकरी तुपाच्या हाताची आहे." मला चक्कर यायची. एकदा बस्तीच्या पायरीवर मी खाली बसलो तर शेजारच्या काकींनी ताकाचा तांब्या आणला. आसपास दुसरं कुणी नव्हतं. पोरगी शाळेत होती. मी तो परत पाठवला. माझा त्या देवघेवीवर विश्वास नव्हता. पण दगाफटका झालाच, तर मला त्या पोरीच्या डोळ्यांत बघून सांगता आलं पाहिजे होतं, की मी एक थेंब घेतला नव्हता. तेवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती. तेव्हा मला त्रिशला कळली.

पुन्हा भिंतीवर दोन फिल्म लागल्या. डॉक्टर अथणीकर पट्टी लावून मोजत होते. आम्ही तिघे त्यांच्या मानेकडे बघत होतो.

"काठावर आहे," ते म्हणाले. "पण काठाच्या या बाजूला. सोमवारी घेऊ."

खाण्याने वाढली की आपल्या वेळेने वाढली, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही, गुरुजी. कुणाची खाऊनही वाढत नाही." हे मी घरी कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी तिला आत नेलं. चेलनाला घरी ठेवायचं ठरलं होतं, पण ती ऐकेना. लाकडी बाकावर ती माझ्या शेजारी बसून राहिली. दुपार झाली. दोनदा दार उघडलं, दोन्ही वेळा दुसऱ्यांची माणसं उठली. एक परिचारिका घाईने रक्ताच्या पिशव्या घेऊन आत गेली. सन्मती जिन्यापाशी जाऊन उभा राहिला.

"आजोबा, तुम्ही सगळा पाळलात ना?"

"सगळा."

"एकदाही नाही चुकलात?"

"नाही."

"मग होईल," ती म्हणाली, आणि माझ्या हाताला टेकली. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. तिचा सगळा भार मी माझ्यावर घेतला होता, आणि आत जे चाललं होतं त्याच्याशी माझ्या भाकरी-चटणीचा काहीही संबंध नाही, हे त्या इमारतीत एकट्या मला ठाऊक होतं.

ऊन कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. टोपी काढली. कपाळावर टोपीच्या दोरीची खूण उमटली होती.

"निघाली," ते म्हणाले. "राहिलेला भाग चांगल्या रंगावर आहे. पण पुढचे आठ-दहा दिवस मला काही विचारू नका. तो तेवढा पुरतो का, हे तेव्हा कळेल."

सन्मती जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसला. चेलना कुठेतरी पळाली. परत आली ती खालच्या कँटीनमधून, हातात दुधाचा गरम पेला. दोन मजले चढून आली होती आणि सांडलं नव्हतं.

"आजोबा, झालं. आता घ्या."

मी घेतलं. चव कळली नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तो भाग पुरला. त्रिशला दर वर्षी तपासणीला जाते, आणि ती फिल्म घेऊन परत येईपर्यंत आमच्या घरात अजूनही कुणी मोठ्याने बोलत नाही. मध्यंतरी एक बारीकसा डाग दिसला होता, तो सुईनेच जाळला. ती भाकऱ्या थापते. जेवायला आमच्याबरोबर बसते.

माझी नजर गेल्यापासून पाठशाळा चेलना घेते. तिची सगळ्या इयत्तांची पुस्तकं कधीच संपली. तो धडा कुठल्या पुस्तकात आहे, असं तिने मला एकदाही विचारलं नाही. कधीतरी विचारील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं.

मागच्या रविवारी मी बस्तीत खांबाला टेकून ऐकत बसलो होतो. पोरांनी एका सुरात पाठ म्हटला, "ज्याचं कर्म त्यालाच." मग एक बारीक आवाज आला. कुणाची मुलगी ते मला दिसलं नाही.

"ताई, पण आपल्या आईचं असलं तर? तरी नाही घेता येत?"

चेलना थांबली. ती माझ्याकडे बघत असावी, असं मला वाटलं.

"तो पुढचा धडा आहे," ती म्हणाली. "वरच्या इयत्तेला असतो."